मसुद्याच्या समासात

बारावी झालेली मी एकटीच, म्हणून वही माझ्याकडं आली.
अंबाजोगाईत, मंडी बाजाराच्या मागं,
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
पंखा एकच, तोही पाहुण्यांकडं तोंड करून.
आम्ही अकरा जणी. पाच घरची माणसं.
नगरपरिषदेच्या दहिफळे मॅडम,
त्यांच्या हातात छापील मसुदा.
'सेविकेने लाभार्थ्यास सुरक्षित पद्धतीने उचलावे.'

प्रयागबाई हसली. कंबरेला पट्टा बांधलेली प्रयागबाई.
"सुरक्षित पद्धत कोणत्या कपाटात ठिवलीय तेवढं सांगा, मॅडम.
माझं वजन बेचाळीस, आबांचं शहाऐंशी.
आन् घरात तिसरं माणूस म्हंजे भिंतीवरलं घड्याळ."
मी लिहिलं: बेचाळीस. शहाऐंशी.
खाली रेघ ओढली, बेरजेला ओढतात तशी,
पण बेरीज केली नाही.

'हात वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद धुवावेत.'
यावर कोणी बोललंच नाही आधी.
मग कोपऱ्यातून कोणीतरी:
"नळ नवव्या दिवशी येतो. तवर वाहतं ठिवायचं काय?"
मॅडमनी स्वतःच्या पेनानं 'वाहत्या पाण्याखाली' खोडलं,
वर लिहिलं 'तांब्या, साबण',
आणि पहिल्यांदा खुर्ची पंख्यापासून आमच्याकडं सरकवली.

तहसीन दोन तास गप्प होती.
उठायच्या बेताला म्हणाली,
"काम चालू असताना बाहेरचं दार उघडं ऱ्हावं.
माणूस झोपलेलं असो नाहीतर जागं."
छापील तक्त्यात पुढचा रकाना होता: कारण.
तहसीन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.
मी तो रकाना कोरा ठेवला.
अकरा जणींनी तो वाचला.

मग पिशव्यांचं निघालं.
खोडवे बाईंचा लेक म्हणाला, जाताना पिशवी तपासायची,
त्यात वाईट वाटायचं कारण नाही, नियम म्हणजे नियम.
माझ्या पिशवीत तेव्हा एक डबा होता,
अर्धी भाकर, लेकराची खोकल्याची बाटली.
मी मान खाली घालून त्याचं म्हणणं नीट अक्षरात लिहीत होते.

खोडवे बाईंना दोघांनी खुर्चीसकट जिना चढवून आणलं होतं.
डावं अंग गेलेलं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं.
शब्द एकेक करून यायचा,
विहिरीतून भरलेली घागर यावी तसा.
"मग… माझ्या लेकाची पण… तपासा."
सगळे हसले. लेकही हसला, जरा उशिरानं.
बाई हसल्या नाहीत.
"भीती… मला पण वाटते.
दर महिन्याला… नवी बाई.
अनोळखी हात… अंगावर येतो… पाण्याच्या आधी.
अगोदर… नाव सांगा.
मग… ओता."

खाली रस्त्यावर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.
ते थांबेपर्यंत कोणी बोललं नाही.
मी पान उलटायचं विसरले,
बाईंचं बोलणं समासात लिहिलं, उभं, वरून खाली.

आषाढात छापील प्रत आली.
दोन माणसांशिवाय उचलायचं नाही, हे आलं.
पहिल्या दिवशी सामानाची यादी, दोघांच्या सह्या, आलं.
पिशवीचं गेलं.
दार आलं. कारण आलं नाही, बरं झालं.
'लाभार्थी' तसाच राहिला. किती सांगितलं होतं.
समास पांढराशुभ्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोडवे बाईंचं दार उघडलं,
वाऱ्यानं मिटू नये म्हणून उंबऱ्याशी
वरवंट्याचा तुटका तुकडा लावला.
तांब्या भरला. पाणी मनगटावर घेऊन पाहिलं.
अजून हात लावला नव्हता.

"मी दैवशाला.
आता तुम्हाला उजव्या कुशीवर वळवते."

बाईंनी छताकडं पाहत थोडा वेळ घेतला,
वर्गात कोणी उत्तर बरोबर दिलं की घेत असतील तेवढा.
"हं," म्हणाल्या. "वळव."